खैर

सातपूरच्या पतसंस्थेतलं शेवटचं मशीन
आज उतरवायचं होतं.
लोखंडेबाई म्हणाल्या, चालतंय हो अजून,
कशाला हात लावता?
चालतंय हेच तर दुखणं.

सव्वीस वर्षांपूर्वी पद्माकर खैरनारनं लिहिली
ती फाइल सिस्टीम, अंबडच्या एका गाळ्यात.
शेजारी बेअरिंगचं वर्कशॉप. भिंत थरथरायची,
की-बोर्डला तेलाचा वास.
नाव ठेवलं खैर.
आडनावातून तोडून घेतलेलं, आणि झाडही.
आत सगळं झाडच होतं, मूळ, फांदी, पान,
पानाला लटकलेली फाइल.
खैराच्या गाभ्याला वाळवी लागत नाही, म्हणायचा.
खरंच नाही लागली.

काटकसरी होता. फाइलींची उरलेली टोकं
एका खणात दाटीवाटीनं बसवायचा,
शिंपी चिंध्या जपतो तशी.
आणि रोजकीर्द. आधी लिहायचं, काय करणार आहोत,
मग करायचं.
मध्येच वीज गेली तर कीर्द वाचून
मशीन पुन्हा जागच्या जागी.

वीज घालवायचं काम कुंदावहिनींचं.
लोडशेडिंगची वाट बघत नसत त्या.
रात्री गाळ्यात येऊन, पदर खोचून,
ऐन लिहिण्याच्या क्षणी वायर ओढायच्या.
शंभरदा, दोनशेदा. तो ओरडायचा, अगं आत्ता नको!
त्या म्हणायच्या, सांगून जाते का कधी वीज?
मी बावीस वर्षांचा, चहा आणणारा, हसणारा.

मग एकोणीस दिवस तो सांगत राहिला,
कुंदा माहेरी गेलीय, येवल्याला.
मी विश्वास ठेवला. हे मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं,
आज लिहितोय.
विसाव्या दिवशी मखमलाबादच्या मळ्यातली विहीर
त्यानंच दाखवली पोलिसांना,
एकदाही न चुकता, सरळ.
पत्ता पाठ होता.

'खैरनारची खैर नाही', असा मथळा
छापला एका सांजदैनिकानं.
वहिनींचं नाव तिसऱ्या परिच्छेदात.

आम्ही सिस्टीमचं नाव बदललं नाही.
उच्चारणं सोडलं फक्त.
गिऱ्हाईक विचारायचं, आत काय बसवलंय?
आम्ही म्हणायचो, आहे एक, जुनी, भरवशाची.
कोण म्हणे कोडला पाप लागत नाही.
कोण म्हणे जाळून टाका.
तिसरा म्हणायचा, आधी माझ्या ठेवींची खाती काढून द्या,
मग काय जाळायचं ते जाळा.

पुसणं म्हणजे काय, हे त्यानंच शिकवलं मला.
पुसत नाही रे काही, म्हणायचा,
नाव तेवढं काढतो आपण, आणि म्हणतो,
इथं जागा मोकळी आहे.
तो आता नाशिकरोडच्या तुरुंगात
सुतारकाम करतो, असं ऐकलं.
मी भेटायला गेलो नाही. दोनदा गेटपर्यंत गेलो.

दुपारी अडीचपर्यंत खाती उतरली,
कर्जरोखे उतरले, लोखंडेबाईंनी डबा खाल्ला.
तळाशी टोकांचा खण उरला.
त्यात, दोन व्याजपत्रकांच्या मध्ये चेपलेली,
कधीच न पुसलेली चाचणीची एक नोंद:

*चाचणी ४१२. वायर ओढली. पाच मिनिटं अंधार.
परत लावली. काही हरवलं नाही. कुंदा.*

बाई म्हणाल्या, ही कुणाची? सोडून द्या.
मी ती नव्या डिस्कवर घेतली.
नवी सिस्टीम उधळी आहे, कुणाच्या नावाची नाही,
एवढ्याशा ओळीलाही
अख्खा खण देते.
बाकीची जागा रिकामी पडून राहते, वाया.

राहू दे.